रांगेतले अकरा तास

सिमेंट कारखान्याच्या वाहतूक साहेबाने मला फसवलं आणि मी माझ्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला फसवलं. साहेबाने जाणूनबुजून, मी न जाणता. पण त्या माणसाच्या हातून गाडी सुटली ती दोघांमुळे, म्हणून मी माझा वाटा लपवत नाही.

ज्यावरून हे घडलं तो एक काळा डबा आहे, साबणाच्या वडीहून थोडा मोठा. ट्रकच्या डॅशबोर्डखाली बसवतात. गाडी किती वाजता सुटली, कुठे थांबली, ड्रायव्हरने किती तास चालवली आणि किती तास आराम केला, हे सगळं तो कारखान्याच्या ऑफिसातल्या पडद्यावर दाखवत राहतो. आज गडचांदूरच्या रस्त्यावर डबा नसलेला ट्रक सापडणार नाही आणि कोणी त्याबद्दल बोलतही नाही. पण ज्या कारखान्याचा माल मी वाहतो, तिथल्या ड्रायव्हरांनी तो आधी तीन आठवडे लावू दिला नव्हता. मग लावू दिला. तो लावून घेतला मी. त्यांना समजावलं मी.

समजावणं हा माझा धंदाच आहे. माझा बाप बैलबाजारात दलाल होता. दोन माणसं समोरासमोर बसायची, हातांवर दुपट्टा टाकायची आणि दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव करायची. वर तोंडाने पावसापाण्याच्या गोष्टी चालू. हात बाहेर निघाला की सौदा झाला. कागद नाही, सही नाही. पुढच्या आठवड्यात त्याच बाजारात तोंड दाखवायचं असल्यामुळे कोणी शब्द फिरवत नसे. मी शाळेत सातवीपर्यंत होतो, पण माणसाच्या बोटांवरून त्याच्या पोटातलं कसं ओळखायचं हे मी तिथे शिकलो. निदान शिकलो असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

बाविसाव्या वर्षी मी धानोऱ्याकडे बांबूच्या गाड्या भरायला गेलो. बाप वारला होता, बाजारही बसत चालला होता. जंगलातल्या डेपोवर बांबूच्या मोळ्या रचलेल्या असायच्या. त्या खांद्यावरून आणून ट्रकमध्ये उभ्या-आडव्या लावायच्या, दोर आवळायचे. मी गप्प राहून काम करणारा नव्हे. माझ्या हाताखाली दोन दिवसांत चार माणसं आली आणि मी त्यांच्यावर ओरडू लागलो. एकदा असाच ओरडत असताना ट्रकच्या टपावरून आवाज आला, “काऊन गा, एवढा ओरडून राह्यला? बांबू का बहिरा हाये?”

तो ड्रायव्हर. तेव्हा चाळिशीच्या अलीकडचा, सडपातळ, पांढरा शर्ट नेहमी कोपरापर्यंत दुमडलेला. बाकीचे ड्रायव्हर गाडी भरेपर्यंत झाडाखाली तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचे. हा वर चढून प्रत्येक दोर स्वतः हाताने ओढून बघायचा. मी चिडून त्याला म्हणालो की तुम्हाला भरोसा नसेल तर तुम्हीच भरा. तो म्हणाला, “भरोसा हाये. पन उतारावर बांबू तुले नाई इचारत.” चारचौघांत झालेला तो माझा पहिला पराभव. मी त्याला त्या दिवसापासून भाऊ म्हणू लागलो.

दोन वर्षांत त्याने मला गाडी शिकवली. रिकामा ट्रक धानोऱ्याकडे चढवताना सकाळच्या वेळी तो मला स्टेअरिंगवर बसवायचा आणि स्वतः बाजूला बसून बाहेर बघायचा, जणू त्याचा काही संबंधच नाही. मी गिअर खरडला की फक्त मान हलवायचा. मोहाचे दिवस असले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया फुलं वेचत असायच्या आणि तो गोड, किंचित आंबूस वास केबिनमध्ये इतका भरायचा की भातालाही लागायचा. भात आम्ही रस्त्याकडेलाच शिजवायचो, एखाद्या बोडीच्या काठावर. त्या लहान तळ्यांचं पाणी तेव्हा स्वच्छ असे. भात आणि अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. मी आज चांगल्या हॉटेलात जेवतो आणि उठताना मला त्या भाताची आठवण होते. हे खोटं नाही.

बाजाराच्या दिवशी टोपल्या घेतलेल्या बाया हात करायच्या. त्या भागात बस दिवसातून एकदा, तीही आली तर. भाऊ गाडी थांबवायचा. पैसे घ्यायचा नाही. उतरताना एखादी बाई पानाच्या द्रोणात मूठभर चारोळी ठेवून जायची. ती तो डॅशबोर्डवर ठेवायचा आणि वहीत लिहायचा, “दोन बाया, धानोरा, चारोळी.”

वहीचं सांगायलाच हवं. त्याच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही असे, स्टेअरिंगच्या वर काचेला टेकवलेली. दहावी झालेला माणूस, अक्षर मोत्यासारखं. गाडी किती वाजता सुटली, कुठे टायर बसला, कुठे उभी केली, किती वाजता झोपला, किती वाजता उठला. मालक मागत नव्हता, पोलीस मागत नव्हता. मी विचारलं, कशाला हा उद्योग? तो म्हणाला, माणूस थकला की पहिलं खोटं स्वतःशी बोलतो. वही पाहिली की कळतं आपण किती वेळचे जागे आहोत.

झोपेच्या बाबतीत तो कोणाचं ऐकत नसे. मालकाची घाई, बांबू उतरायचा त्या पेपर मिलच्या गेटवरची घाई, काही नाही. डोळा जड झाला की गाडी बाजूला, आणि आरशाला दुपट्टा बांधायचा. त्या रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांची ती खूण होती. आरशाला दुपट्टा म्हणजे आत माणूस झोपला आहे, हॉर्न मारू नका. भरधाव येणारे ट्रक तिथे हळू व्हायचे. मी स्वतः पाहिलं आहे, बल्लारपूरच्या रस्त्यावर एकामागे एक सात गाड्या त्या दुपट्ट्याजवळून आवाज न करता गेल्या. कोणी कायदा केलेला नव्हता. मला एकट्याला गाडी द्यायच्या दिवशी त्याने एवढंच सांगितलं, “तू सगळ्यायसंगं भाव करतो. झोपेसंगं नोको करू.”

पुढे मी जुना ट्रक घेतला, मग दुसरा. आज पाच आहेत. बांबू कमी झाला, सिमेंट वाढलं. गडचिरोलीकडे पूल आणि रस्ते निघाले तसे आम्ही गडचांदूरहून पोती भरून राजुरा, चंद्रपूर, मूल, गडचिरोली करत धानोऱ्यापर्यंत जाऊ लागलो. भाऊच्या जुन्या मालकाने धंदा बंद केला तेव्हा मी त्याच्या गावी, सावली गावाच्या बाजूला, जाऊन त्याला घेऊन आलो. त्याने माझी नवी गाडी चहूबाजूंनी पाहिली आणि म्हणाला, “शेठ झाला गा तू.” त्या दिवसापासून चेष्टेत शेठ आणि मनातलं बोलताना बापू, असं चाललं. मी मात्र त्याला भाऊच म्हणत राहिलो, पगार मी देत असूनही. चौदा वर्षं तो माझ्याकडे होता. त्याच्या हातून एक पोतं फुटलं नाही.

मग डबा आला. कारखान्याने सांगितलं, डबा नसेल तर गेटच्या आत गाडी नाही. ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर तेच. एक जण म्हणाला, बायको गावात आणि सासू गाडीत. ते नाव चिकटलं, सगळे डब्याला सासू म्हणू लागले. एकाने आपल्या सासूवर खर्र्याची पन्नी गुंडाळली, एकाने स्टीलचं भांडं पालथं घातलं. हसण्यावारी चाललं होतं, पण आत भीती होती. जंगलात माणूस का थांबतो ते पडद्यावर कसं दिसणार? रस्त्यावर रानडुकरं आली, आजारी बाईला दवाखान्यापर्यंत सोडायचं झालं, पोटात कळ आली, सगळ्याचा एकच ठिपका.

आम्हा गाडीमालकांकडून बोलायला मी गेलो. वाहतूक साहेब पश्चिमेकडचे, मवाळ बोलणारे, चहा स्वतः ओतून देणारे. मी तीन दिवस बसलो त्यांच्यासमोर. ड्रायव्हरांचं खरं दुखणं रस्ता नव्हतंच. दुखणं गेटवर होतं. माल भरायच्या रांगेत गाडी आठ-आठ, दहा-दहा तास असायची. रांग अर्ध्या-पाऊण तासाने एक गाडीभर सरकते. सरकताना गाडी हलवली नाही तर मागचा घुसतो आणि नंबर जातो. म्हणजे ड्रायव्हर स्टेअरिंगवर बसून राहतो. झोप नाही आणि काम केल्याची नोंदही नाही. मी म्हणालो, डबा लावू, पण दोन गोष्टी. रांगेतला वेळ जागरणात धरा, आणि तो जास्त झाला तर वाटेत झोपायला थांबणाऱ्याला विचारू नका. साहेब म्हणाले की यंत्र कोणाच्या बाजूचं नसतं, तुमचं म्हणणं रास्त आहे, तसंच होईल. मी हात पुढे केला. त्यांनी हातात हात दिला. मी बाहेर आलो आणि बाजार जिंकून आल्यासारखा चहा प्यायलो.

लेखी घेतलं नाही. पाच गाड्यांचा मालक, पोत्यामागे पैशा-पैशासाठी भांडणारा माणूस, आणि लेखी घेतलं नाही. त्यांनी हात दिला होता ना. साहेब पुढच्या आठवड्यात त्याच बाजारात बसणारे नसतात, त्यांची बदली होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ड्रायव्हर ऐकत नव्हते. ते भाऊकडे बघत होते. भाऊने लावला तर लावू, असं सरळ म्हणाले. मी त्याला बाजूला घेतलं. त्याची वही काढली आणि म्हणालो, भाऊ, ही तुमची वहीच आहे असं समजा, फक्त पेन लागत नाही. तुम्ही जे वीस वर्षं लिहीत आलात तेच हा डबा लिहिणार, आणि कारखाना ते मान्य करणार. वही कोण मान्य करतो?

त्याने वही माझ्या हातातून परत घेतली. मग म्हणाला, “लाइनमधलं जागनं बी लिहिन का थो?”

“लिहील. साहेबाने हात दिला.”

“तुह्या हातात देल्ला ना? मंग लाव.”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी लावला. आणि काही दिवसांनी मी भाऊला अजून वहीत लिहिताना पाहिलं, तर मीच म्हणालो की आता दुहेरी काम कशाला करता, बंद करा ती. मला वाटत होतं मी त्याचं ओझं कमी करतो आहे. त्याने वही गुंडाळून सीटखाली ठेवली.

काही महिने बरे गेले, हेही सांगतो. माझ्या दुसऱ्या एका गाडीवर मूलजवळ गाय उडवल्याचा आळ आला होता, तेव्हा डब्यानेच दाखवलं की गाडी त्या वेळी चंद्रपुरात होती. ड्रायव्हर सासूला बरं म्हणू लागले. पन्न्या निघाल्या. मी टपरीवर सगळ्यांसमोर छाती काढून बसायचो.

मग तो दिवस. भाऊची गाडी आदल्या रात्री नऊला रांगेत लागली आणि सकाळी आठला भरून बाहेर आली. निघताना त्याने मला फोन केला. रात्रभर लाइन सरकत होती, डोळा लागला नाही, धानोऱ्याच्या अलीकडे थोडा पडतो, म्हणाला. मी म्हणालो, पडा. चंद्रपूरला कारखान्याने ठरवून दिलेला थांबा आहे. तिथे तो थांबला, चहा प्यायला, पण सकाळी दहाला कोणाला झोप येते? झोप आली गडचिरोली सोडल्यावर, दुपारी जंगलात. त्याने गाडी बाजूला घेतली, दुपट्टा बांधला आणि एक तास चाळीस मिनिटं झोपला. मग धानोऱ्याला पोहोचला, पोती मोजून उतरवली, पुलावरच्या इंजिनिअरची सही घेतली आणि परत आला.

पुढच्या खेपेला गेटवर त्याचा पास चालला नाही. तिथला पहारेकरी त्याला तेरा-चौदा वर्षं ओळखत होता. तो खाली बघत म्हणाला, “भाऊ, वरून बंद केला. मले काई इचारू नोका.”

मी भाऊला घेऊन ऑफिसात गेलो. मवाळ साहेब महिनाभरापूर्वीच बदलून गेले होते. नवीन साहेब तरुण, सरळ बोलणारे. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. माल पूर्ण पोहोचला हे मान्य, म्हणाले, पण जंगलात एक तास चाळीस मिनिटं विनाकारण थांबा आहे, आणि अशा थांब्यात माल बदलला जातो असा कारखान्याचा अनुभव आहे. मी म्हणालो, विनाकारण कसा, माणूस झोपला होता. साहेब म्हणाले, “झोपेची गरज नव्हती. त्याआधी अकरा तास विश्रांती झालेली आहे.”

पडद्यावर एक लांब निळा पट्टा होता. रात्री नऊ ते सकाळी आठ. निळा म्हणजे आराम.

मला ते समजायला थोडा वेळ लागला. मग मी टेबलावर हात आपटला आणि त्यांच्या पेनांचा डबा खाली पडला. तो रांगेत होता, मी ओरडलो, दर पाऊण तासाने गाडी सरकवत होता, हा कसला आराम? साहेबांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, कारखान्याच्या आवारात गाडी थोडीफार हलली तरी यंत्र ती उभीच धरतं, आणि इंजिन बंद उभी गाडी म्हणजे विश्रांती. मी विचारलं, हे कधीपासून? त्यांनी फाईल काढली. डबे बसवण्याआधीचा कागद होता, जुन्या साहेबांच्या सहीचा. माझ्या हातात हात देण्याच्या आठ दिवस आधीचा.

म्हणजे मी तीन दिवस ज्याच्यासाठी भाव करत होतो ते आधीच विकलं गेलं होतं. रांगेत कोणी जागत नाही असं दिसलं की गेटवर उशीर होतो हेही दिसत नाही. वरच्या ऑफिसात आकडे चांगले जातात. साहेबांची बदली चांगल्या ठिकाणी होते.

नवीन साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने स्वतःहून विचारलं, “त्या रात्री जागे होते याची ड्रायव्हरकडे काही लेखी नोंद आहे का? मी वर पाठवतो.”

भाऊ कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता, दुमडलेल्या बाह्या खाली सोडून, जसा तो बुद्धविहारात जाताना सोडतो. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “वही होती साहेब. शेठनं बंद केली.”

चेष्टेतला शेठ नव्हता तो.

बाहेर आल्यावर मी खूप बोललो. दुसऱ्या कारखान्याची ओळख आहे, कोळशावर गाडी लावतो, तुम्हाला उद्यापासून कामावर घेतो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “काम भेटंल, बापू. पन मले चोर म्हणून भायेर काढलं. दुसऱ्या गेटवर इचारलं का पह्यलं काऊन सोडलं, तं मी काय सांगू?” मी रागावून म्हणालो की पास परत आणीन, नाहीतर गेटसमोर पाचही गाड्या आडव्या लावीन. तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, आडव्या लावशील तर त्या ड्रायव्हरांची पण रात्र आरामात धरतील.

तो गावी निघून गेला. भावाच्या धानाच्या बांध्यांत काम करतो. मी गेलो होतो गेल्या महिन्यात. ओसरीवर बसलो, चहा झाला, पावसाचं, धानाचं बोलून झालं. त्याने गाडीचं काहीच विचारलं नाही, मीच सांगत राहिलो. नव्या ड्रायव्हरने क्लच जाळला, मूलजवळचा रस्ता रुंद केला, ती बोडी बुजवली. बोडीचं ऐकून त्याने मान वर केली. मग निघताना त्याने मला एकच विचारलं, आणि भांडण्याच्या आवाजात नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “बापू, त्या राती मी झोपलो होतो, असं कोनं लिहिलं?”

मी चपला घातल्या आणि निघालो.

जुन्या साहेबांना मी फोन केला. पहिल्यांदा त्यांनी माझी, गाड्यांची विचारपूस केली. मग म्हणाले, ते धोरण वरून आलेलं होतं, तुम्ही व्यवहारी माणूस आहात, समजून घ्या. त्यानंतर ते माझा फोन उचलत नाहीत. कारखान्याला मी चार पत्रं दिली. विषय विचाराधीन आहे, असं एकाचं उत्तर आलं.

साहेब, तुम्ही व्यवहारी म्हणालात म्हणून व्यवहाराचंच विचारतो. त्या कागदावर तुमची सही आहे. वरून आलं असेल तर वर कोण, त्याचं नाव सांगा. वरून आलं नसेल तर तुम्ही सांगा. जो माणूस आयुष्यात एकदाही झोपेत स्टेअरिंगवर बसला नाही, त्याच्या अकरा तासांच्या जागरणाला तुम्ही कशाच्या आधारावर आराम म्हटलं? माझ्याशी बोलू नका, मला तुमचं गोड बोलणं माहीत आहे. सावलीला उतरा, तिथून त्याचं गाव कोणीही दाखवेल. त्याच्या ओसरीवर जाऊन बसा आणि हे उत्तर त्याला द्या. मी बाजूला उभा राहून ऐकेन, कारण तुमच्यानंतर मलाही तिथे उत्तर द्यायचं आहे.